भिंतीवरचा कवडसा आणि सोळा पौंडांचा गोळा

२५ फेब्रुवारी १९६३, सोमवार. मुक्काम राळेगाव. शाळा भरायला अवकाश होता आणि मी व्हरांड्यात बसून रॉकेलच्या फडक्याने लोखंडी गोळे पुसत होते. दुपारी मॅट्रिकच्या मुलींची पदार्थविज्ञानाची प्रात्यक्षिक परीक्षा होती. गंजलेला गोळा नीट उसळत नाही. गंज मऊ असतो, तो आघात गिळून टाकतो. म्हणून परीक्षेच्या दिवशी देवाला हात जोडण्याआधी रॉकेलची बाटली शोधायची, असा माझा नेम होता.

माझं काम काय होतं ते आधी सांगते. छप्पन साली मी नोकरीला लागले तेव्हा आमच्या संस्थेच्या मुलींच्या शाळा यवतमाळ, वणी, राळेगाव अशा गावोगाव होत्या आणि विज्ञानाचं सामान मात्र जेमतेम एका शाळेपुरतं. त्यावर तोडगा असा निघाला की सामान एका पत्र्याच्या पेटीत भरायचं आणि पेटीबरोबर एक बाई फिरवायची. ती बाई मी. काही दिवस इथे, काही दिवस तिथे. पेटीत भिंगं होती, तराजू होता, थर्मामीटर होते आणि तळाशी गोळे. गोळ्यांमुळे ती पेटी एकट्या हमालाला उचलत नसे, आणि राळेगावच्या रस्त्याला धक्के बसले की एसटीच्या टपावरून आतल्या आत ठणठण ऐकू येई.

एका कंडक्टरने एकदा न राहवून विचारलं, "बाई, पेटीत काय हाये जी?"

"गोळे."

"कायचे?"

"लोखंडाचे."

"कायले?"

"एकमेकांवर आपटायला."

मग लगेजचं तिकीट फाडून त्याने माझ्या हातात दिलं आणि ड्रायव्हरला सांगितलं, "पाटील, जरा सांभाळून घ्या. घरी आपटायले कोणी नसन, म्हून बाई शाळेत जाऊन राह्यल्या." सगळी गाडी हसली. मीही हसले. त्यानंतर त्या रस्त्यावर मी 'गोळेवाल्या बाई' झाले, ती शेवटपर्यंत.

लहान गोळे मला यवतमाळच्या रशीदभाईंनी दिले. ते कापसाच्या जिनिंगची यंत्रं आणि ट्रक दुरुस्त करायचे. जुन्या बेअरिंगमधले पोलादी गोळे त्यांच्याकडे डब्यांत भरून पडलेले असत. काही बोराएवढे, काही लिंबाएवढे. मोठा गोळा मी शाळेच्या खेळाच्या सामानातून उचलला. गोळाफेकीचा. पहिला आणला तो दिसायला देखणा, पितळी. रशीदभाईंनी त्यावर पान्याने टिचकी मारली आणि कान दिला.

"बाई, ये सोएला है. याच्यात शिसं भरेल हाये. याच्यावर काही आपटा, जागा होनार नाही."

"मग कोणता आणू?"

"बिडाचा आना. बीड जागं असते."

मग सोळा पौंडांचा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, गोळा आणला. त्यांनी त्याला वर कडी बसवली. गोळ्याच्या कुशीवर वजनाचा आकडा उठावात ओतलेला होता. तो आकडा मध्ये आला की आघात तिरपा होई, म्हणून रशीदभाईंनी तो घासून काढला. तिथे जुन्या रुपयाएवढी चपटी जागा पडली, लख्ख चकचकीत. मला ती आवडली नव्हती. काळ्या गोळ्याला कोड उठल्यासारखी दिसायची.

आता प्रयोग. ज्यांचा शास्त्राशी संबंध नाही त्यांनीही हा वाचायला हरकत नाही, कारण यात पाहण्यापलीकडे काही करायचं नसतं. दोन सारखे गोळे पाळण्यासारखे दोन-दोन दोऱ्यांनी शेजारी टांगायचे. एक मागे ओढून सोडायचा. तो येऊन दुसऱ्यावर आदळतो आणि जागच्या जागी थांबतो. दुसरा निघतो, आणि पहिला ज्या वेगाने आला त्याच वेगाने निघतो. जणू गोळा तोच आहे, फक्त त्याने मध्ये कूस बदलली. मग एक जड आणि एक हलका घ्यायचा. जड गोळा हलक्यावर आदळला तर जड पुढे चालतच राहतो आणि हलका त्याच्या जवळजवळ दुप्पट वेगाने पुढे उडतो. आणि हलका जडावर आदळला तर तो आल्या वाटेने, जवळपास आल्या वेगाने परत येतो. पुस्तकात याला स्थितिस्थापक आघात म्हणत, म्हणजे ज्यात आपटण्यापायी वेग वाया जात नाही. मुली त्याला 'जागी टक्कर' म्हणायच्या. ओल्या मातीचे गोळे आपटले की ती 'झोपेल टक्कर'. हा शब्द मीच रशीदभाईंकडून उचलून त्यांना दिला होता आणि पुस्तकातल्यापेक्षा मला तो अजून बरा वाटतो.

दुपारच्या तासाला हा प्रयोग चालला की वर्ग हळूहळू गप्प होत जाई. ठक. एक थांबला, दुसरा निघाला. ठक. दुसरा थांबला, पहिला निघाला. बाहेर जिनाचा घुमणारा आवाज, आत हा एवढासा. मागच्या बाकावरच्या मुलींचे डोळे जड व्हायचे. मी त्यांना उठवत नसे. प्रयोग पाहता पाहता झोप लागली तर शास्त्राचं काही बिघडत नाही.

वणीला एकदा संस्थेचे एक वजनदार सभासद वर्ग पाहायला आले. त्यांनी सगळं पाहिलं आणि मला विचारलं, "बाई, हे सगळं ठीक. पण पोरींना संसारात याचा उपयोग काय?" मी उत्तर जुळवत होते, तेवढ्यात पहिल्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "सासरी गेल्यावर कोनाले धडकाचं नाही ते समजते जी." सभासद सगळ्यांत मोठ्याने हसले. पेटी त्या वर्षीही चालू राहिली.

पुढे प्रत्येक शाळेला आपापलं सामान मिळालं आणि पेटी बंद झाली. सामान आता काचेच्या कपाटात असतं, कपाटाला कुलूप असतं. पेटीला नुसती कडी होती आणि मुली माझ्या पाठीमागे ती उघडायच्या. तेव्हा मी रागवत असे. आता वाटतं, बरं झालं उघडायच्या.

तर राळेगाव. तिथली प्रयोगशाळा म्हणजे पूर्वीची कापसाची कोठी. कवेलूंचं, म्हणजे कौलांचं, छप्पर, जाड तुळया, आणि वाशांच्या सांदीत अजून अडकून बसलेला कापूस. वारा नसतानाही त्यातले तंतू सुटून खाली येत राहायचे. त्या खोलीत बोलताना आवाज आपोआप खाली यायचा.

त्या वर्षी राळेगावातून मॅट्रिकला विज्ञान घेऊन बसलेल्या मुली थोड्याच होत्या. त्यातली एक यमुना. तिची आई जिनात कापूस निवडायला जाई. छप्पन साली, दीक्षेनंतर, त्यांच्या घरातल्या भिंतीवरच्या जुन्या तसबिरी उतरल्या, आणि तेव्हापासून, यमुना सांगायची, आईने एकच धोशा लावला होता : पोरगी शिकली पाहिजे. यमुना पहिल्या फेरीत पास झाली तर अमरावतीच्या वसतिगृहात तिच्यासाठी जागा होती. नापास झाली तर ती जागा दुसरीला जाणार आणि यमुना आईसोबत जिनात जाणार. प्रात्यक्षिकात वेगळं पास व्हावं लागे. तिथे शून्य म्हणजे सगळंच गेलं.

परीक्षक अमरावतीहून आलेले होते. उतारवयाचे, ताठ, गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट. आल्या आल्या चहा विचारला तर म्हणाले, "काम झाल्यावर." मला असे लोक पटतात.

यमुनेला प्रयोग आला तो बोराएवढी गोळी सोळा पौंडांच्या गोळ्यावर सोडण्याचा. गोळी परत किती उंच येते ते मोजायचं आणि काय काय दिसलं ते लिहायचं. इतर मुली आपापल्या टेबलाशी होत्या. यमुनेने आपलं काम निवांत केलं. मध्येच भिंतीकडे तोंड करून ती बराच वेळ उभी राहिलेली मला दिसली. घाबरली असेल, म्हणून मी तिकडे पाहायचं टाळलं.

परीक्षक तिच्या टेबलाशी पोचले तेव्हा दुपार कलली होती. त्यांनी तिचा कागद वाचला आणि थांबले.

"'मोठा गोळा किंचित पुढे सरकून मागे आला व बराच वेळ झुलत राहिला.' हे तू पाहिलंस?"

"हो जी."

त्यांनी चष्मा पुसला, वाकले, आणि स्वतः गोळी सोडली. ठक. गोळी परत आली. मोठा गोळा होता तिथे होता. त्यांनी पुन्हा सोडली. मग माझ्याकडे वळले.

"बाई, तुम्हाला हलताना दिसला?"

"नाही," मी म्हणाले. दिसला नव्हता, तर दुसरं काय सांगणार.

"गोळा हलतो हे मलाही ठाऊक आहे," ते यमुनेला म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "गणित तसंच सांगतं. पण ते डोळ्यांना दिसत नाही. तू गणितातलं उत्तर निरीक्षण म्हणून लिहिलंस. न पाहिलेलं पाहिलं म्हणून लिहिणाऱ्याला मी शून्य देतो. इतकी वर्षं देत आलोय."

बाकीच्या मुलींचे हात थांबले. यमुना ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती. मग ती म्हणाली, "मी गोळा नाही पाह्यला, सर. भिंत पाह्यली."

"भिंत?"

तिने वर बोट केलं. छपरातलं एक कवेलू सरकलेलं होतं. त्या फटीतून उन्हाची तिरीप येत होती. मघा, ती प्रयोग करत होती तेव्हा, ती तिरीप गोळ्याच्या त्या घासलेल्या चकचकीत जागेवर पडत होती, आणि तिथून उलटून समोरच्या भिंतीवर फळ्याशेजारी कवडसा पडला होता. गोळी आदळली की कवडसा वर सरकायचा, खाली यायचा, पुन्हा वर. "मले वाटलं, भिंतच श्वास घेऊन राह्यली," ती म्हणाली आणि एकदम गप्प झाली, परीक्षेत असं बोलायचं नसतं हे आठवून.

भिंतीवर आता काही नव्हतं. तिरीप सरकून जमिनीवर गेली होती.

परीक्षकांनी घड्याळ पाहिलं. "ऊन उद्या त्याच वेळी येईल. उद्या मला दुसरीकडे परीक्षा आहे."

मी म्हटलं, "तुमची बस सुटेपर्यंत वेळ द्या. गेलेलं ऊन आणता येतं."

ते बसले. मी तुळशीराममामांना हाक मारली. मामा शाळेचे जुने शिपाई. प्रयोगाच्या वेळी त्यांचं ठरलेलं काम असे : प्रत्येक आघाताआधी मोठ्या गोळ्याला हात लावून तो निश्चल करायचा. त्यांचा दाढीचा आरसा मागवला. मामा तो घेऊन अंगणात उन्हात उभे राहिले आणि दारातून उजेड आत गोळ्यावर पाडला. भिंतीवर कवडसा आला खरा, पण तो थरथरत, उड्या मारत होता.

"हे तर तुळशीराम हलतायत," परीक्षक म्हणाले.

"वय झालं साहेब," मामा बाहेरून म्हणाले.

मग मीच बाहेर गेले. आरसा कडुनिंबाच्या बेचक्यात ठेवला, खाली रॉकेलचं फडकं कोंबून पक्का केला आणि दिशा जमेपर्यंत सरकवत राहिले. आत येऊन खिडक्या लावल्या. मुलींना सांगितलं, पायसुद्धा हलवू नका, जमीन हलते. मामाही आत येऊन आपल्या जागी, गोळ्याशेजारी उभे राहिले.

खोली अंधारली. दारातून एकच उजेडाचा पट्टा आला होता आणि त्यात कापसाचे तंतू तरंगत होते, इतके सावकाश की ते खाली येतायत की वर जातायत हे कळेना. भिंतीवर फिकट पिवळा कवडसा, कडांना विरलेला, पाण्यात पडलेल्या चंद्रासारखा. जिनाचा आवाज लांबून येत होता. मला क्षणभर वाटलं, आपण सगळे त्या पाण्याच्या तळाशी उभे आहोत.

मामांनी गोळ्याला हात लावून तो स्थिर केला. यमुनेने गोळी सोडली. ठक. गोळी परत आली.

कवडसा हलला नाही.

तिने पुन्हा सोडली. ठक. कवडसा खिळ्याने ठोकल्यासारखा जागच्या जागी. परीक्षकांनी खिशातलं पेन काढलं. मी भिंतीकडे बघत होते, सगळेच भिंतीकडे बघत होते. फक्त यमुना गोळ्याकडे बघत होती.

"मामा," ती हळूच म्हणाली, "बोट काढा."

मामांचं बोट गोळ्याच्या मागच्या अंगाला टेकलेलं होतं.

"काहून काढू?" मामा तिच्याहून हळू म्हणाले. "साहेब म्हन्ते गोळा हलते म्हनशील तर शून्य. मी हलूच देत नाही ना त्याले. तू निचिंत राह्य."

"मामा, तो हलला पाह्यजे."

"हलला पाह्यजे?"

"हो ना जी."

"मंग आधी सांगाव नाही का. मी मघापासून पकडून हावो." मामांनी बोट काढलं आणि दोन पावलं मागे सरून हात पाठीशी बांधले. परीक्षकांचा चेहरा अंधारात दिसला नाही, पण त्यांनी पेन खिशात ठेवल्याचा आवाज आला.

आम्ही गोळा आपोआप शांत होईपर्यंत थांबलो. मग यमुनेने गोळी ओढली, सोडली. ठक.

कवडसा वर सरकला. एखादं बोटभर, जास्त नाही. तिथे थबकला, खाली उतरला, पहिल्या जागेच्या खाली गेला, पुन्हा वर. गोळी केव्हाच परत येऊन यमुनेच्या तळहातात पडली होती आणि भिंत आपली सावकाश श्वास घेत होती. गोळ्याकडे पाहिलं तर तो काळाभोर, स्वस्थ. भिंतीकडे पाहिलं तर तो हलत होता. मी किती वर्षं तो गोळा टांगत आले होते. एकदाही भिंतीकडे पाहिलं नव्हतं.

परीक्षक उठून भिंतीजवळ गेले. "खडू," ते म्हणाले. यमुनेने दिला. "कवडसा वर कुठपर्यंत जातो, खाली कुठपर्यंत, खुणा कर." तिने केल्या. मग त्यांनी तिची खरी परीक्षा घेतली.

"गोळी आली तेवढ्याच वेगाने परत गेली. मग तिने गोळ्याला दिलं काय?"

"होतं त्याच्या दुप्पट, सर."

"जवळ होतं त्याच्याहून जास्त कसं देईल?"

यमुनेने हातातली गोळी चाळवली. "थांबाले एक धक्का लागला, सर. अन् परत फिराले अजून एक. दोन्ही तिनं गोळ्यावरच देले ना. दुसरं होतं कोन तिथं?"

"मग एवढा धक्का घेऊन गोळा एवढासाच का हलला?"

"जड हाये तो. त्याले एवढंच जमते."

परीक्षकांनी भिंतीवरच्या खुणा पुन्हा एकदा पाहिल्या. मग खिडकी उघडा म्हणाले.

चहा पिताना त्यांनी मला सांगितलं, "मुलगी पास आहे. पण गुण कापलेत. भिंत पाहिली असं तिने कागदावर लिहायला हवं होतं." मी म्हटलं, "मीही कापले असते." ते उठले आणि वेळेवर बस गाठायला निघून गेले.

जूनमध्ये यमुना अमरावतीला गेली. पण परीक्षेच्या त्या संध्याकाळी ती माझ्यावर रुसली होती. मी दोऱ्या गुंडाळत होते आणि ती मदत करत नव्हती.

"मी खोटं नोतं लिवलं, बाई."

"नाही."

"मंग गुन कायले कापले?"

"अर्धं लिहिलंस म्हणून. काय झालं ते लिहिलंस. तुला ते कसं कळलं ते लिहिलं नाहीस."

"तुमीच म्हन्ता, थोडक्यात लिवा."

मी तिला सांगितलं, दोऱ्या नीट गुंडाळ, गुंता झाला तर तूच सोडवशील. तिने गुंडाळल्या. जाताना दारात थांबून विचारलं, "बाई, याच्याहून लहान गोळी मारली तरी हलन का तो?"

"हलेल," मी म्हणाले.

"तुमी पाह्यलं का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी बस उशिरा होती. मी घंटेआधी शाळेत गेले. मामा अंगण झाडत होते, त्यांना आत येऊ नका म्हणून सांगितलं. ऊन आता पूर्वेचं होतं, म्हणून आरसा विहिरीच्या काठावर लावला आणि गोळा वळवून टांगला. कवडसा मागच्या भिंतीवर पडला. पेटीत सायकलच्या बेअरिंगचा एक छर्रा होता, हरभऱ्याहून लहान. तो दोऱ्याला मेणाने चिकटवला, खिडक्या लावल्या, आणि गोळा शांत व्हायची वाट पाहत उभी राहिले. बराच वेळ लागला. मग छर्रा सोडला. आवाज असा झालाच नाही, नखाने नख वाजवावं तेवढा. छर्रा परत आला. मी भिंतीकडे पाहत होते. पुन्हा सोडला, पुन्हा पाहिलं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत पाहिलं.

मग खिडकी उघडली, वही घेतली, तारीख घातली आणि लिहिलं : छर्रा वापरून पाहिला. कवडशाकडे पाहत होते. हलला असल्यास मला दिसला नाही.